वाजतंय, म्हणजे घरात आहेत

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. रेडिओ किंवा टेप जे बारीक आवाजात सांगतात, ते मी मोठं करून दोन स्पीकरना देतो. माझं स्वतःचं असं त्यात काही नसतं. आज मात्र मला स्वतःचं सांगायचं आहे, आणि तेही घाईनं, कारण आतल्या खोलीत आत्ताच पांघरूण सरकल्याचा आवाज झाला.

तरी सुरुवातीपासून सांगतो.

एका कारखान्यात लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी मला घडवलं. एकीनं तारा जोडल्या, दुसरीनं माझ्या अंगावर लाकडी पेटी चढवली, तिसरीनं कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली. ते माझं पहिलं कौतुक. पुढे मी एका दुकानाच्या काचेत बसलो आणि तिथून मला एका चष्म्याच्या दुकानदारानं घरी नेलं. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणतात. बायकोसुद्धा, रागात असली की. दुकान खाली, घर वर. जिना चढताना त्यांनी मला पोटाशी घट्ट धरलं होतं. मागून त्यांची नवी नवरी येत होती. ती म्हणाली, "मला नाही आणलंत हो इतकं जपून."

एक गुपित सांगतो. स्पीकर नुसता बोलत नाही, तो ऐकतोही. घरात कुणी बोललं की त्याचा कागदी पडदा थरथरतो आणि ती थरथर तारेतून उलटी माझ्यापर्यंत येते. डावा स्पीकर बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी, उजवा आतल्या खोलीच्या दाराशी. या दोन कानांनी मी हे घर ऐकलं. लेकीचं पहिलं रडणं, भांड्यांची आदळआपट, नवराबायकोचे रुसवे आणि रुसवे सुटल्यावरचं खुसुखुसु हसणं.

चष्मेवाले दुकान बंद करून वर आले की आधी माझी कळ दाबायचे, मग चपला काढायचे. त्यामुळे घरात एक शब्द रुळला. फोनवर कुणी त्यांची चौकशी केली की आई सांगायची, "आहेत ना, वाजतंय." (लेक तिला आई म्हणते, म्हणून मीही.) लेक जिन्यातच ओळखायची, वाजतंय, म्हणजे बाबा आलेत, म्हणजे आज उशीर लपणार नाही. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. पण या घरात वाजणं म्हणजे असणं.

मग आईचा कान बिघडला. ऐकू यायचं लख्ख. पण कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारा भाग असतो म्हणे, तो बिघडला. उभी राहिली की तिला जमीन तिरकी व्हायची. डॉक्टरांनी बजावलं की हिनं एकटीनं उठायचं नाही. उठायचं झालं तर हाक मारायची, कुणीतरी हात धरायचा. हाडं ठिसूळ झालीत, पडली तर निस्तरणार नाही.

त्याच सुमारास चष्मेवाल्यांना कमी ऐकू येऊ लागलं. आवाजाचं बटण रोज थोडं पुढे सरकायचं. लेकीला वाटलं, एवढ्या आवाजाचा आईला त्रास होत असणार. तिनं हेडफोन आणला, कान पुरते झाकणारा, उशीसारखा मऊ. पण मला हेडफोनचं भोकच नव्हतं. म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

त्यानं माझं झाकण काढलं, फुंकर मारली, शिंकला आणि आत मांजर पाळलंय का असं विचारलं. मग माझ्या दर्शनी पत्र्याला भोक पाडलं. स्पीकरकडे जाणाऱ्या तारा कापून आधी त्या भोकाकडे वळवल्या. तारांना डाग देता देता म्हणाला,

"हेडफोनची पिन घातली की स्पीकर गप्प करायचे, का चालू ठेवायचे? दोन्ही जमतं."

"गप्प," लेक म्हणाली. "त्यासाठीच तर हा खटाटोप."

आतून आई म्हणाली, "मला नाही गं त्रास. असू दे वाजत."

"तू ना आई, सगळं सोसतेस आणि वर बरंय म्हणतेस."

चष्मेवाले हसले. मित्रांनो, त्या घरात एकही वाईट माणूस नव्हतं. प्रत्येकाला दुसऱ्याची काळजी होती. म्हणूनच मला धडकी भरली.

खट्.

पिन आत गेली आणि मी बहिरा झालो. स्पीकरच्या तारा तुटल्या की माझे कानही तुटतात. गाणं चालू होतं, घर नाहीसं झालं होतं.

पुढचं तुकड्यांत सांगतो, कारण मला ते तुकड्यांतच मिळालं.

पिन बाहेर. लेक दुसऱ्या गावी नोकरीला निघाली आहे. बॅगेची चाकं जिन्यावर आपटताहेत. आई म्हणतेय, पोचलीस की कळव. चष्मेवाले म्हणताहेत, मी आहे की घरात, तू बिनघोर—

खट्.

पिन बाहेर. आई फोनवर कुणाला तरी सांगतेय की नाहीत हो ते, खाली दुकानात असतील. पिन अजून चष्मेवाल्यांच्या बोटांत आहे, माझ्या तोंडाशी. ते घरातच आहेत, भिंतीच्या अलीकडे. त्यांना तिचं बोलणं ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी ओरडलो अस—

खट्.

गाणं. संथ, लांबलेलं. मधेच माझ्या रबरी पायांतून, फळीच्या लाकडातून, एक धक्का वर आला. जड. मग काही नाही.

गाणं संपलं. चष्मेवाल्यांनी दुसरं लावलं.

पिन निघाली तेव्हा आईचा आवाज जमिनीलगतून येत होता. तो आवाज मी इतकी वर्षं ओळखतो, तरी मला आधी वाटलं, दुसरंच कुणी आहे.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आई दवाखान्यातून परत आली ती पलंगावरच. लेक धावत आली, रडली, मग चिडली. घोटभर पाण्यासाठी उठायची काय गरज होती? बाबा पलीकडेच बसले होते, एक हाक मारता आली नाही?

"वाजत नव्हतं," आई म्हणाली. "मला वाटलं, घरात कुणी नाही."

मग चष्मेवाल्यांनी हेडफोन कपाटात टाकला आणि माझ्या भोकात कापसाचा बोळा कोंबला. आईजवळ जाऊन म्हणाले, "आता हे बंदच करणार नाही. वाजतंय तोवर मी आहे, असं समज. हाक मारलीस की आलोच."

गोष्ट इथे संपायला हवी होती. माझे दोन्ही कान परत मिळाले होते. लेक निश्चिंत मनानं कामावर गेली.

सुरुवातीला ते खरंच बसायचे. मग फक्त शटर उघडण्यापुरते खाली जाऊ लागले. मग एखाद्या गिऱ्हाइकापुरते. मग गिऱ्हाईक गप्पिष्ट निघालं तर त्याच्या गप्पांपुरते. जाताना मला बंद करत नाहीत. एकदा माझ्यापाशी पुटपुटले, बंद केलं तर घाबरेल बिचारी.

आज दुकानाची घंटा वाजली. आईचा डोळा लागला होता. चष्मेवाल्यांनी माझा आवाज थोडा वाढवला, पाऊल न वाजवता जिना उतरले. मी तापलोय, पण वाजतोय. सगळं ऐकू येतंय.

पांघरूण सरकलं ते मघाशी. आता पलंग करकरला.

"अहो," आई म्हणाली. "जरा हात देता?"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. आम्हाला पुसत जा, ओलीपासून जपा, अडगळीत टाकू नका. माझ्यावर खुशाल धूळ बसू दे. तुम्ही एवढंच करा. तुमच्या घरात ज्याला उठायला हात लागतो, त्याला विचारा, मी घरात आहे हे तुला कशावरून कळतं? तो सांगेल. ती खूण नीट लक्षात ठेवा, आणि घराबाहेर पडताना ती मागे सोडून जाऊ नका.

उजव्या स्पीकरमधून तिचं बारीक हसू येतंय.

"बसलेत तिथेच, चष्मेवाले. वाजतंय की." मग जरा मोठ्यानं, "येताय ना? मी उठतेय हं."

मी वाजतोय.