पत्रिकेतली सुंदराबाई

रामदास गमरेने मोबाइल पलंगावर आपटला. उशीवर पडला म्हणून वाचला.

येत्या रविवारी सुंदराबाईला जाऊन वर्ष होत होतं. भोईवाड्यातल्या चाळीच्या पटांगणात कार्यक्रम ठरला होता, भन्तेजी येणार होते. राहिली होती फक्त पत्रिका. छापखान्याच्या उन्मेषने बजावलं होतं, "काका, आज सहापर्यंत मजकूर द्या. उद्यापासून मशीन लग्नांच्या कामाला लागतंय, मग रविवारच्या आत जमायचं नाही."

मुलगी अक्षता लोअर परळला नोकरीला. सकाळी निघताना तिने बापाच्या मोबाइलवर चॅटबॉट घालून दिला होता. "याला सांगा बाबा, मिनिटात लिहून देतो."

मिनिटात दिलं, हे खरं. रामदासने माइकचं बटण दाबून सांगितलं होतं, "माझ्या बायकोला जाऊन वर्ष झालं, पत्रिका लिहून दे." आणि पत्रिका आली ती कैलासवासी, वर्षश्राद्ध, पिंडदान, ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही, अशी.

कैलासवासी! स्वतःची आई गेली तेव्हा सुंदराबाईने सख्ख्या मामाला पिंडाला कावळा शिवायची वाट बघू दिली नव्हती. सगळ्यांसमोर म्हणाली होती, "यातून बाहेर पडलो ना आपण, मामा? मग कावळ्याच्या पाया कसला पडतोस?"

"हे आमच्यात चालत नाही," रामदासने बॉटला सांगितलं. "नीट लिही."

बॉटने माफी मागितली, म्हणाला तुमच्या भावना मी समजू शकतो, आणि 'स्वर्गवासी' लिहून दिलं.

"अरे, आमच्यातलं लिही!"

पुन्हा माफी. आता 'वैकुंठवासी'.

"कप्पाळ समजतोस तू," रामदास म्हणाला, आणि तेव्हाच मोबाइल आपटला होता.

पावणेपाच वाजले. त्याने अक्षताला फोन लावला.

"तुझा हा शहाणा तुझ्या आईला कैलास, स्वर्ग, वैकुंठ सगळं फिरवून आणतोय. जिवंतपणी महाबळेश्वर नाही बघितलं तिने."

"बाबा, आपण बौद्ध आहोत हे सांगितलंत त्याला?"

"ते सांगायला लागतं?"

"मग त्याला कसं कळणार?"

"गमरे म्हटलं की भोईवाड्यात कुणालाही कळतं."

"तो भोईवाड्यात राहत नाही हो. आणि आडनाव तरी कुठे सांगितलंत? परक्या गावचा माणूस दारात आलाय असं समजा. कार्यक्रम कसला, काय हवं, काय नको, आई कशी होती, सगळं सांगा. आणि आलेलं वाचून बघा, नाहीतर मनाचं ठोकून देतो. ठेवते, मीटिंग आहे."

आयुष्यभर लोकांनी रामदासला आडनावावरून ओळखलं होतं, नको तेव्हासुद्धा. आणि आज हवं तेव्हा याला काही ठाऊक नाही!

त्याने पहिल्यापासून सांगितलं. मग मात्र कालकथित आलं, प्रथम स्मृतिदिन आला, पुण्यानुमोदन आलं, त्रिसरण-पंचशील आलं. रामदासने वार, तारीख, वेळ तपासली. पुढे लिहिलं होतं: 'प्रेमळ, मनमिळाऊ आणि शांत स्वभावाच्या...'

"शांत? कुणी सांगितलं तुला?"

बॉटने विचारलं, त्यांच्याबद्दल काही आठवणी सांगाल का?

साडेपाच होत आले होते. रामदासने भराभर सांगितलं. हॉस्पिटलात तीस वर्षं आया होती. पाणी चाळीच्या नळाला यायचं तेव्हा ती पहाटे रांग लावायची, कुणाला घुसू द्यायची नाही, मलासुद्धा नाही. बुद्धवंदना बेसूर म्हणायची, पण सगळ्यांत मोठ्याने. "शोभेचं काही घालू नको. मी सांगितलं तेवढंच लिही."

या वेळी लिहिलेलं वाचताना त्याला पहिल्यांदाच ती दिसली. नळ होता, हॉस्पिटल होतं, बेसूर वंदनासुद्धा होती. पण शेवटी एक ओळ होती: 'त्या आजही आपल्यातच आहेत.'

"ही कुठून आणलीस?"

मजकुराला भावनिक स्पर्श यावा म्हणून जोडली, असं उत्तर आलं. ठेवायची का?

वर्षभर लोक त्याला हेच सांगत होते. वहिनी कुठे गेल्यात, इथेच आहेत, बघतायत सगळं. तो मान हलवायचा आणि त्यांच्यासाठी चहा टाकायचा.

"नाहीये ती!" रामदास मोबाइलवर ओरडला. शेजारच्या खोलीतला टीव्ही बारीक झाला. "इथे नाहीये, कुठेच नाहीये. म्हणून तर कार्यक्रम ठेवलाय. काढ ती ओळ."

बॉटने ओळ काढली.

रामदासने मजकूर दोनदा वाचला आणि उन्मेषला पाठवला. सहाला पाच मिनिटं कमी होती. लगेच फोन वाजला.

"काका, मिळालं. पण खाली जागा उरतेय हो. कमळ टाकू, की दोन ओळी देताय?"

"काही नको."

"रिकामं दिसेल."

"दिसू दे," रामदास म्हणाला.