खिडकीची केबिन

चष्मेवाल्याने डोळे तपासायच्या नव्या तक्त्याची दोरी खिळ्यात अडकवली आणि तक्ता सरळ आहे का ते बघायला तो मागे सरला. तेवढ्यात दुकानाच्या काचेतून त्याला समोर आपल्या घराच्या जिन्यावर बायको दिसली. तिचं कोपर कप्तानाच्या हातात होतं. कप्तान म्हणजे वरच्या मजल्यावरचा, जहाजावरून निवृत्त झालेला शेजारी. शेवटची पायरी उतरल्यावर त्याने कोपर सोडलं, काहीतरी बोलला, आणि ती हसली.

तक्ता तिरकाच राहिला.

डोंगरांच्या मधे घुसलेला उत्तरेकडचा समुद्र आणि त्यातून संथ जाणारं जहाज, हे वेड तिच्या डोक्यात भरवलं ते याच कप्तानाने. एरवी दोन दिवस कुठे जायचं म्हटलं तरी 'घर कोण बघणार?' म्हणणारी बाई. इतकी वर्षं सहलीचं नाव तो काढायचा आणि ती उडवून लावायची. आता मात्र याच उन्हाळ्यात जायचं, पुढच्या नाही. का, तर म्हणे तिथे तेव्हा रात्रच होत नाही. पुढच्या उन्हाळ्यातही होणार नव्हती, पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि बाईसाहेब ताकास तूर लागू देत नव्हत्या. यंदा नाही म्हणून सांगून टाकायचं, असं त्याने ठरवूनच ठेवलं होतं.

ती रस्ता ओलांडून आत आली. पांढराशुभ्र तक्ता अगदी समोर होता, पण त्याबद्दल एक शब्द नाही. जुना तक्ता रोज सकाळी तीच फडक्याने पुसायची. डोळ्यांत समुद्र भरल्यावर भिंत कशाला दिसेल, असं म्हणून तो मनातल्या मनात धुमसला.

"हे घ्या, सहलवाल्याचं नवं माहितीपत्रक. वाचा ना."

"तुला काय झालं वाचायला?"

"तुमच्या आवाजात ऐकायला बरं वाटतं."

इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या आवाजाचं कौतुक पहिल्यांदाच होत होतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली. तरी त्याने वाचलं: कड्यांवरून पडणारे धबधबे, शिखरांवरचा बर्फ, काठावरची लाल घरं.

"लाल म्हणजे कसा लाल?"

"फोटो आहे की समोर!"

"हो, आहे ना." तिने कागदावरून हात फिरवला. "आतली केबिन नको हं. खिडकीचीच हवी."

"कप्तान येणार आहे का?"

"तो कशाला? जन्म गेला त्याचा समुद्र बघण्यात. जहाज म्हटलं की जांभई येते त्याला."

उत्तर बिनचूक होतं. जरा जास्तच बिनचूक, असं त्याला वाटलं.

त्याच्या धंद्यातला एक अनुभव होता. दिवा मालवून खुर्चीत बसवलं की माणूस नरम पडतो. अक्षरं वाचता वाचता घरातली भांडणंही सांगून मोकळा होतो.

"बस इथे. जायचं म्हणतेस, तर नवा चष्मा करू."

"दर वर्षी तर बघता. नंबर बदललाय का कधी?"

"बस तरी."

त्याने पडदा ओढला, तक्त्यावरचा दिवा तेवढा ठेवला आणि तिच्या एका डोळ्यावर झाकण धरलं. कप्तानाचा विषय कुठून काढावा याची जुळवाजुळव करत तो सवयीने म्हणाला, "तिसरी ओळ."

"ग, र, प, ल, ट."

"खालची."

"म, ब, क, स, द, ह." एका दमात.

त्याने मान हलवली. हेच तर दर वर्षीचं उत्तर होतं. मग त्याची नजर भिंतीकडे गेली.

नव्या तक्त्याची तिसरी ओळ 'न'ने सुरू होत होती. 'ग' तिच्यात कुठेच नव्हता.

जुना तक्ता गुंडाळी होऊन टेबलाखाली पडला होता. पुसून पुसून तो तिला पाठ झाला होता, आणि गावभरच्या डोळ्यांचे नंबर काढणारा हा शहाणा दर वर्षी तिचं पाठांतर ऐकून खूश होत होता. अलीकडे ती दिवेलागणीनंतर घराबाहेर पडत नव्हती, तेही त्याला आता आठवलं. पुढच्या उन्हाळ्याचा तिला भरवसा नव्हता. कप्तानावरचा राग कुठे गेला ते त्याला कळलंही नाही.

"काय हो, चुकलं का काही?" तिचा आवाज बारीक झाला.

"नाही," तो म्हणाला. "सगळं बरोबर."

पडदा सारायला त्याने जरा वेळ लावला. मग सहलवाल्याला फोन करून याच उन्हाळ्यातली, खिडकीची केबिन सांगून टाकली. ती त्याच्याकडे बघत होती. चेहऱ्याकडे की नुसत्या आवाजाच्या दिशेने, हे आज त्याला सांगता आलं नसतं.

उजेड आहे तोवर त्यांनी दुकान बंद केलं. दाराशी त्याने तिचं कोपर धरलं.

"हे काय नवीनच? लोक बघतील."

"बघू देत. पायरी आहे."

ती हसली आणि पाय चाचपत उतरली.

"अहो, सहलीहून आलो की तो तक्ता तेवढा बदला. किती पिवळा पडलाय!"

"बदलतो," तो म्हणाला, आणि पुढची पायरी यायच्या आधीच थांबला.