उपडा कप

कार्डावर तीनच ओळी होत्या. ‘वीस तारखेला, शनिवारी चार वाजता हेडमास्तरांकडे ये. रविवारी सकाळचं विमान आहे. शिडी.’

शिडी म्हणजे माझा धाकटा भाऊ. माळ्यावरून काही काढायचं असलं की आई त्यालाच हाक मारायची, आणि तो टाचा उंचावून डबा खाली आणायचा. एकतीस वर्षांत त्याचं हे पहिलं पत्र. फोन नंबर लिहायला काय झालं होतं? पण आमच्या घरात पूर्ण गोष्ट सांगायची पद्धतच नाही. जी काय एकदा सांगितली ती मी, आणि तिचंच तर हे सगळं झालं.

कार्ड आलं ते कॉलेजच्या लायब्ररीत. त्याला माझा तेवढाच पत्ता ठाऊक होता. मी तिथे चौतीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नव्या माणसांना माझं नाव ओळखीचं नाही, त्यामुळे ते दोन आठवडे कुठल्याशा ट्रेमध्ये पडून होतं. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या हातात पडलं तेव्हा मी आधी तारीख बघितली. वीस म्हणजे उद्याच की!

आणि हेडमास्तरांकडे म्हणजे कुठे?

हेडमास्तर कुणाचेच मास्तर नव्हते. कॉलेजच्या मागच्या फाटकाबाहेर त्यांचं आठ टेबलांचं हॉटेल होतं. काय काय शिजलंय ते फळ्यावर खडूने लिहायचे आणि ताटात कुणी काही टाकलं की त्याला उभं करायचे, म्हणून ते हेडमास्तर. बटाट्याचं सूप, पाव, ऑम्लेट आणि दिवसभर चहा. त्या भागातल्या तीन पिढ्या या एवढ्यावर पदवीधर झाल्या.

त्यांचा एक नियम होता. कुणाची वाट बघत असाल तर शेजारच्या जागेवर एक कप उपडा घालायचा. मग हॉटेल कितीही भरलेलं असो, बाहेर कितीही रांग असो, त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. येणाऱ्याने यायचं, बसायचं आणि आपल्या हाताने कप सुलटा करायचा. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात कायमचं लिहिलेलं असे, ‘उपड्या कपाला हात लावू नये. माणूस येणार आहे.’ एकदा खुद्द प्राचार्य येऊन बसायला लागले तर हेडमास्तरांनी त्यांना उठवलं. ज्या मुलीसाठी ती जागा धरली होती ती तासाभराने आली, आणि तोवर प्राचार्यांनी उभ्याने ऑम्लेट खाल्लं.

मला शिकायचं होतं. वर्गात पहिली यायचे मी. पण घरातून एकालाच पुढे पाठवता येणार होतं, आणि तो एक मी नव्हते. मी लायब्ररीत लागले. पुढे शिडी इंजिनिअर व्हायला आला आणि माझ्याच खोलीवर राहिला. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी तो वर्गात जायचा बंद झाला. सकाळी पुस्तकं घेऊन निघायचा आणि जायचा तो हेडमास्तरांच्या स्वयंपाकघरात. कांदे चिरायचा, सूप ढवळायचा, आणि खरं सांगते, मी त्याला इतकं खुशीत घरीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. हे मला दीड वर्ष माहीत होतं आणि मी गप्प होते.

मग बाबा आले. त्यांना मी हेडमास्तरांकडे जेवायला नेलं. शेजारी कप उपडा घातला, कारण शिडी ‘वर्ग सुटल्यावर’ येणार होता. बाबांचं सगळं बोलणं त्याच्याबद्दल. तो यंत्रं कशी बांधेल, त्याचं नाव कसं होईल. मी काय करते, कशी राहते, एक शब्द नाही. सूप आलं, त्यातून वाफ येत होती, बाबांनी चमचा उचलला, आणि माझ्या जिभेला मुळात हाड नाहीच.

“तुमचा इंजिनिअर आत बटाटे सोलतोय,” मी म्हणाले. “दीड वर्ष झालं.”

बाबांनी चमचा ठेवला, कोट उचलला आणि ते निघून गेले. स्वयंपाकघराला ताटं द्यायची एक खिडकी होती. तिच्यात शिडीचा चेहरा होता. आठवड्याभरात तो गेला. कुठल्याशा बोटीवर स्वयंपाकी म्हणून लागला एवढं हेडमास्तरांकडून कळलं. बाबा पुढच्या वर्षी गेले, त्यांचं आणि त्याचं बोलणं शेवटपर्यंत झालं नाही.

तर एवढंच मला त्याला सांगायचं होतं. माझं चुकलं. तोंडावर सांगायचं होतं, आणि त्यासाठी माझ्याकडे शनिवारची एक संध्याकाळ होती.

आता घोळ असा की हेडमास्तरांचं हॉटेल एका जागी राहिलं नाही. शिडी गेल्यावर दोन वर्षांनी ती इमारत पाडली, मग त्यांनी पोस्टामागे बिऱ्हाड हलवलं. आठाची सहा टेबलं झाली, पण फळा तोच आणि नियमही तोच. तिथे मी दर शनिवारी चार वाजता, आम्हा दोघांच्या जुन्या चहाच्या वेळेला, जाऊन बसायचे आणि शेजारी कप उपडा घालायचे. हेडमास्तरांनी कधीही विचारलं नाही कोण येणार आहे म्हणून. अकरा वर्षांपूर्वी ते गेले, आणि तेही दुकान मिटलं. या शहरात रस्ता सांगतानासुद्धा आम्ही नसलेल्या गोष्टींवरूनच सांगतो. जुन्या छापखान्यावरून डावीकडे वळा, सायकलवाल्याच्या समोर. ना छापखाना आहे ना सायकलवाला. नवीन माणूस बिचारा गोल गोल फिरत बसतो.

शिडीला पहिली जागाच माहीत, म्हणून मी पहिल्या जागी गेले. साडेतीनलाच. तिथे आता काचेची कॉफीची जागा आहे. उंच स्टुलं, त्यांच्यावर चढायला मलाच शिडी हवी होती. कोपऱ्यावरचा न्हावी हा तिथला एकटा जुना माणूस, पण त्याचं दुकान दुपारी तीन ते पाच बंद.

“एक कप द्याल का? रिकामा,” मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं.

“रिकामा का, आजी?”

“एक माणूस येणार आहे.”

आजी म्हणे! तिने कागदाचा पेला दिला. तो मी शेजारच्या स्टुलावर उपडा घातला. दार उघडलं की वाऱ्याने तो खाली पडायचा आणि मी उतरून उचलून आणायचे. चार वाजले. साडेचार झाले. एक मुलगा कानात वायरी घालून आला, पेला बाजूला सारून बसायला लागला.

“तिथे माणूस येणार आहे,” मी जरा जोरातच म्हणाले. तो निमूट पलीकडे गेला. हेडमास्तर असते तर खूश झाले असते.

माझी नजर सारखी काचेबाहेर. प्रत्येक उंच माणूस मला तोच वाटत होता. आणि मग विचार आला की एकतीस वर्षांत माणूस वाकतो, जाड होतो, टक्कल पडतं. तो दारावरून गेला आणि मी त्याला ओळखलंच नाही तर? लायब्ररीत आम्ही म्हणायचो की चोरीला गेलेलं पुस्तक एक वेळ परत येतं, चुकीच्या कपाटात ठेवलेलं कधी सापडत नाही. ते आठवलं आणि मला रडूच आलं. त्या कानात वायरी घातलेल्या पोरासमोर.

पाचला न्हाव्याने शटर वर केलं. मी पेला उचलला आणि रस्ता ओलांडला. मला बघून तो कंगवा हातात घेऊन तसाच उभा राहिला.

“अहो लायब्ररीबाई, तुम्ही इथे काय करताय? ते तिकडे गेले ना!”

“कोण ते?”

“तुमचे भाऊ! अडीचला आले होते. मला विचारलं, हॉटेल कुठे गेलं. मी म्हटलं, पोस्टामागे गेलं होतं, आता तेही बंद झालं. पण म्हटलं, तुमची बहीण वर्षानुवर्षं तिथेच बसायची, दर शनिवारी, कप उपडा घालून. तर म्हणाले, मग ती तिथेच असेल.”

मी कपाळावर हात मारला. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघांनी एकमेकांचा विचार केला, आणि तिथेच फसलो.

निघाले. मोठ्या रस्त्याने, भराभर. गुडघे ओरडत होते, त्यांना म्हटलं गप्प बसा. जुन्या पुस्तकांच्या दुकानाच्या जागी चष्मे, बेकरीच्या जागी गाड्यांचा तळ, मुलींच्या वसतिगृहाच्या जागी सतरा मजले. एरवी मी दर पावलाला थांबून नावं ठेवते. त्या दिवशी एकच वाटत होतं, यातलं काही एक तरी जागेवर असतं तर आम्ही दोघं तिथे भेटलो असतो. इतकं सोपं होतं ते. भेटायला एक जागा लागते, आणि ती आम्ही एकेक करून पाडू दिली.

पोस्टामागे आता कपडे धुण्याचं दुकान आहे. गोल तोंडाची यंत्रं भिंतीला लावलेली, समोर बाक, कोपऱ्यात एक इस्त्रीवाली बाई. बाकावर कुणी नव्हतं. होता तो एक कप. चिनी मातीचा, निळ्या कडेचा, उपडा.

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

“हात लावू नका हां,” इस्त्रीवाली बाई म्हणाली. “एक उंच गृहस्थ ठेवून गेलेत. माझा चहाचा कप आहे तो! मागून घेतला, नळाखाली धुतला आणि घातला तिथे उपडा. दोन तास बसले होते. मला कळेना, माणूस कपडे न आणता इथे का बसलाय?”

“गेले कुठे?”

“पंधरा मिनिटं झाली. म्हणाले, तिकडच्या जागी बघून येतो. पुलावरून गेले.”

मी मोठ्या रस्त्याने आले आणि तो पुलावरून गेला. मी तशीच मागे वळले. म्हटलं, पळाले तर गाठीन.

“अहो बसा!” बाई इस्त्री उभी ठेवत म्हणाली. “त्यांनी सांगून ठेवलंय. म्हणाले, एक बाई येईल, रागावलेली असेल. तिला बसवून ठेवा. जाऊ देऊ नका.”

मी दारात उभी. एक पाय आत, एक बाहेर. गेले तर पुन्हा चुकामूक. बसले आणि तो कंटाळून तिकडूनच परस्पर निघून गेला तर? सकाळचं विमान. मग पुन्हा कधी? मी साठीची, तोही काही तरणाताठा नाही. शेवटी माझ्या मनात तो फळा आला. खडूची ती वाकडी अक्षरं. माणूस येणार आहे. अठरा वर्षं मी त्या ओळीवर भरवसा ठेवून कप उपडा घातला होता आणि कुणी आलं नव्हतं. पण हा कप मी घातलेला नव्हता.

मी बसले. कपाच्या शेजारी, अंतर ठेवून. समोरच्या यंत्रात कुणाच्या तरी चादरी फिरत होत्या. त्या थांबल्या, इस्त्रीवाल्या बाईने काढल्या, घड्या घातल्या, दुसऱ्या टाकल्या. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर मिनिटाला बघितलं.

सहाला पाच कमी असताना दारात सावली पडली. वाकला होता. जाडही झाला होता. केस पांढरे, पण होते. धापा टाकत चौकटीला हात टेकून उभा राहिला, आणि तो हात चौकटीच्या अगदी वरच्या टोकाला होता.

“तायडे,” तो म्हणाला, “एका जागी बसवत नाही का गं तुला?”

मी एकतीस वर्षं काय बोलायचं ते ठरवत होते. चांगली लांबलचक वाक्यं होती, पुस्तकी. त्यातलं एकही आलं नाही.

“मी बाबांना तसं सांगायला नको होतं,” मी म्हणाले.

इस्त्रीवाल्या बाईने आमच्याकडे पाठ केली. यंत्र घुरघुरत होतं. जाऊ दे, असं तो म्हणेल अशी मला आशा होती. लोक म्हणतात तसं.

“नको होतं,” तो म्हणाला. “त्या दिवशी सूप फार छान झालं होतं. मी खिडकीतून बघत होतो, बाबा पहिला चमचा कधी घेतात म्हणून.”

मला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या खिडकीतला चेहरा पकडला गेलेल्या मुलाचा होता. मी तोंडावर पदर धरला आणि रडले. त्याने मला थांबवलं नाही. मग तो आला, बाकावर बसला, आणि त्याने वाकून कप सुलटा केला.

“झालं का तुमचं?” इस्त्रीवाली बाई नाक पुसत आली. तिच्या हातात थर्मास होता. “कप एकच आहे बाई माझ्याकडे.” तिने चहा ओतला.

त्याने कप दोन्ही हातांनी उचलला, आधी माझ्यापुढे धरला, आणि मी पहिला घोट घेईपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.