चुन्याची निवळी

करावे गावच्या मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. मध्ये पाटावर फुंकरबाबा, पुढ्यात काचेचा पेला, पेल्यात नितळ ‘तीर्थ’ आणि त्यात एक नळी. रोग्यानं नळीतून फुंकायचं. पाणी दुधासारखं झालं की बाबा ओरडे, “बघा, रोग बाहेर आला!” आणखी फुंकलं की तेच पाणी पुन्हा स्वच्छ. “पाणी निवळलं, रोग निवळला! आता सुई बंद, गोळी बंद. औषध घेणं म्हणजे माझ्यावर अविश्वास!” लोक धन्य धन्य म्हणत होते. अक्कल घरी ठेवून यायला काय लागतं!

गर्दीत पुतळा कोळीण उभी होती. तिचा नवरा नामा क्षयाचा रोगी. पाच आठवड्यांपूर्वी त्यानं इथंच फुंकलं होतं. धड दहा फुंका जमेनात, तरी पाणी निवळलं. दवाखान्यातल्या सुया पुतळानंच बंद केल्या. आज सकाळी नामा खोकला आणि पंचा रक्तानं भिजला.

“बाबा, रगत का रं पडतं?” तिनं विचारलं.

“तुझी श्रद्धा कच्ची! पुढल्या अमावास्येला आण त्याला.”

अमावास्येपर्यंत नामा राहील का? मासळीची पाटी उचलून पुतळा तशीच वाशीला गेली. तिथं शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मीनाबाई तिचं जुनं गिऱ्हाईक. दारातच पुतळा मटकन बसली आणि रडत रडत सगळं बोलून गेली. “त्या पान्याचा येक घोट त्याच्या तोंडात गेला, बाई, तर म्हनला, पानाला चुना जास्ती लागल्यावानी चरचरलं.”

“चुना?” मीनाबाई ताडकन उठल्या. “अहो मावशी, ही तर चुन्याची निवळी! सातवीच्या पुस्तकात आहे. तुमच्या कनवटीची डबी द्या बघू.”

पुतळाची पानाची डबी. रोज कमरेला असलेली! बाईंनी तिच्यातला चुना पाण्यात कालवला, फडक्यातून गाळला आणि वहीत लिहिलं: Ca(OH)₂ + CO₂ → CaCO₃ + H₂O.

“ही अक्षरं मला कशी कळनार, बाई?”

“अक्षरं सोडा, वाटे मोजा. चुन्याचा एक वाटा आणि श्वासातल्या वायूचा एक वाटा, की खडू होतो. तेच तुमचं दूध. वायूचा आणखी एक वाटा आला की खडू विरघळतो, पाणी निवळतं. फुंकणारा आजारी असो की धडधाकट, हिशेब तोच.”

पुतळानं बोटांवर वाटे मोजले. आयुष्यभर मासळीचे वाटे लावलेली बाई ती. “म्हंजे चुना थोडा घातला, तर फुंकाबी थोड्याच लागतील?”

“अगदी बरोबर.”

“माज्या नामाला दम नाय ते बघून मेल्यानं चुना कमी घातला!”

दुपारी दोघी मैदानात आल्या. सोबत पातळ निवळी आणि गोटी सोड्याची बाटली. श्वासातला वायू तोच सोड्यातला, बाईंनी वाटेत सांगितलं होतं. पुतळानं निवळी पेल्यात ओतली, गोटी दाबली, बाटलीच्या तोंडाला रबरी नळी लावली, नळी पेल्यात सोडली. पाणी दुधाळ झालं. थोड्या वेळानं निवळलं.

“काय रं बाबा, सोड्याच्या बाटलीला कंचा रोग झाला व्हता?”

मैदान खदखदून हसलं. बाबानं धोतर सावरत पळ काढला. पुतळा मात्र हसली नाही. “पानी निवळलं,” ती म्हणाली, “माजा मानूस नाय निवळला.”

संध्याकाळी तिनं नामाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “पहिल्या सुईपासून पुन्हा सुरुवात. पाच आठवडे फार झाले हो. वाचेलच असं मी सांगू शकत नाही.” ती खाटेशी बसून राहिली.

तेव्हा मंडळी, पेल्यातल्या पाण्यानं रंग बदलला तर हात जोडू नका. त्यात काय घातलंय आणि किती घातलंय, ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत एकही सुई चुकवू नका.