खंडेनवमीची मोजणी

"हे अकरा कुठून आले?"

मालकांनी कागद टेबलावर फिरवून बिभीषणमामांच्या पुढे सरकवला. "आपली चालू लायसन्स सव्वीस. प्रोग्रामवाल्या कंपनीनं मोजलेत सदतीस कॉम्प्युटर. वरचे अकरा आले कुठून, वाघमोडेकाका?"

मामांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, कागद वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली.

"मालक, आपल्या कारखान्यात एक कॉपी जास्तीची न्हाय. ह्यो प्रोग्राम येऊन एकवीस वर्सं झाली. कदी टाकली न्हाय, कुनी मागितली तर दिली न्हाय."

"मग काय मोजणारा प्रोग्राम खोटं बोलतोय?"

"त्याचं मला म्हाईत न्हाय. माजं मी सांगतो."

मी नेमकी त्याच वेळी चलनांवर सह्या घ्यायला केबिनमध्ये शिरले होते. पुढे जाता येईना आणि बाहेरही पडता येईना. आमचे मालक गुरुशांत, पस्तिशीचे, माणूस वाईट नाही. पण त्या दिवशी त्यांनी नको ते विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या हातून कॉप्या बाहेर कुणाला गेल्या नाहीत ना?"

मामांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि खाली निघून आले.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मी दिपाली, डिस्पॅचला बसते. बिभीषण वाघमोडे म्हणजे आमचा कॉम्प्युटर विभाग. अख्खा विभाग. त्यांना शिपाई नाही, असिस्टंट नाही, आणि खुर्चीचं एक चाकही नाही. मूळचे सांगोल्याकडचे, घरी मेंढरं. बारावीनंतर कुठला तरी कोर्स करून थोरल्या मालकांकडे, म्हणजे सिद्रामप्पांकडे लागले ते आजपर्यंत. मार्चमध्ये रिटायर होणार. ऑर्डरी, सूत, डिझाइन, माल सगळं ज्या एका प्रोग्रामवर चालतं, तो विकत घ्यायचा, बसवायचा, सांभाळायचा हे त्यांचं काम. हा प्रोग्राम दर कॉम्प्युटरला एक याप्रमाणे विकत घ्यावा लागतो. सव्वीस लायसन्सवर सत्ताविसावा कॉम्प्युटर चालवला की चोरी.

आणि या बाबतीत मामांचं सोवळं सगळ्या रोडला ठाऊक आहे. त्यांच्या सख्ख्या साडूनं वैरागच्या दुकानासाठी एक कॉपी मागितली होती. मामा म्हणाले, "बिल आन, मग टाकतो." साडू दोन वर्षं बोलला नाही, पोराच्या जावळालाही बोलावलं नाही. मामा म्हणायचे, "येक जेवान गेलं, दुसरं काय?" शेजारच्या कारखान्यातली पोरं त्यांना चिडवायला मुद्दाम पेन ड्राइव्ह हलवत समोरून जायची.

अशा माणसाला मालकांनी ते विचारलं होतं. दंड काय, मालक भरतीलच. पण मार्चमध्ये गळ्यात हार पडताना मागून कुणी तरी 'ते अकरा कॉप्यांवाले' म्हणालं असतं, आणि ते मामांना जन्मभर ऐकू आलं असतं.

प्रोग्रामच्या कंपनीला तपासणीचा हक्क असतो. तसं पत्र सप्टेंबरात आलं होतं. त्यांनी एक छोटा मोजणारा प्रोग्राम पाठवला. तो महिनाभर आमच्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या तारांवर बसून रोज मोजत राहिला. त्याचा अहवाल आज आला, आणि अकराच्या गाडीनं पुण्याहून तपासायला मॅडम येणार होत्या.

मामांपुढचा चहा गार झाला. मी त्यांच्या खिशातून जवळजवळ ओढूनच तो कागद घेतला. सोबत चार पानं जोडलेली होती. मामांनी पहिलंच पान वाचून धीर सोडला होता. शेवटच्या पानावर रोजची मोजणी होती. सव्वीस, सव्वीस, पंचवीस, सव्वीस. आणि मधेच एका दिवशी सदतीस.

तारीख एक ऑक्टोबर.

मला हसूच फुटलं. "मामा, खंडेनवमी!"

मामांनी कपाळावर हात मारला. "आगं आई गं."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळे माग बंद असतात. कात्र्या, काटे, शिवणयंत्रं, सगळ्याला हळदकुंकू लागतं, मालक स्वतः विभूतीचे तीन पट्टे ओढतात. कॉम्प्युटरचं मात्र सगळं मामा बघतात. चालते सव्वीस तर मांडतातच, पण माडीवरच्या खोलीत सेकंड्सच्या, म्हणजे नापास टॉवेलांखाली झाकून ठेवलेले जुने अकरासुद्धा खाली आणतात. पुसतात, झेंडूची माळ घालतात आणि एकेक करून चालू करतात. त्यातल्या एकाला तर कुशीत दोन चापट्या मारल्याशिवाय जागच येत नाही. मग सगळ्यांना तारा जोडतात, आणि नारळ फुटला रे फुटला की सगळ्या पडद्यांवर एकदम 'खंडेनवमीच्या शुभेच्छा' अशी अक्षरं उमटतात. पॅकिंगच्या बायका टाळ्या वाजवतात. वर्षातून एकदा मामांना टाळ्या मिळतात, त्या ह्या. आणि यंदा नेमका तो मोजणारा तारांवर येऊन बसलेला.

फोटो माझ्याच फोनमध्ये होता. सदतीस कॉम्प्युटर, सदतीस माळा, आणि कडेला नवा शर्ट घातलेले मामा.

ऋतुजा मॅडम माझ्यापेक्षाही लहान निघाल्या. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली. मालकांच्या केबिनमध्ये मी फोटो दाखवला तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या. "आमचे बाबा स्कूटरला घालतात माळ. पण ही एवढी लाइन मी कधी बघितली नव्हती!"

मालकांचा चेहरा सैल झाला. पण मॅडमनी लगेच पेन उघडलं. "सर, एक अडचण आहे. मशीन वापरता की नाही, हा प्रश्नच नसतो. त्यावर प्रोग्राम बसवलेला आहे म्हणजे तो मोजला जाणार. पूजेपुरता असला तरी. या अकरांची जुनी लायसन्स आहेत का?"

"हायत की," मामा म्हणाले. "येकूनयेक कागद हाय."

आम्ही चौघं माडीवर गेलो. मामा जिन्यात मधेच थांबले. मला वाटलं दम लागला. नंतर पुन्हा चढायला लागले, पण हळू.

वरच्या कपाटात फाइल होती. प्लास्टिकच्या पिशवीत एकेक लायसन्स, प्रत्येकावर मशीनचा नंबर मामांच्या अक्षरात. मॅडम टॉवेल उचलून मशीनच्या पाठीवरचा नंबर बघायच्या, कागदाशी ताडायच्या आणि टिक करायच्या. एक, दोन, तीन. सातवं झालं. आठवं, नववं, दहावं, अकरावं, सगळ्यांचे कागद होते, सगळे नंबर जुळले.

"परफेक्ट," मॅडम म्हणाल्या. "इतकी व्यवस्थित फाइल मी फार कमी ठिकाणी बघते."

मालकांनी रुमालानं मान पुसली. मला म्हणाले, "दिपाली, खाली चहा सांग. आणि भजी पण सांग."

मी वळले तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला.

"म्याडम, शेवटचं चार खोडा."

"काय?"

"त्या चारांची लायसनं ह्यांच्यावर न्हाईत आता. नव्या चारांवर नेली, सात वर्सं झाली. कागद तेवडा जुना ऱ्हायलाय फायलीत." ते वाकले आणि कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. "ही बगा कंपनीची चिट्टी. नेताना जुन्यावरनं प्रोग्राम काडायचा, आसं ल्हिलंय. म्या काडला न्हाय."

 मालक मामांकडे बघत राहिले. मला त्या क्षणी मामांचा भयंकर राग आला. टिक झाली होती. भजी सांगितली होती. ते पाकीट आणखी सात वर्षं खालच्या कप्प्यात पडून राहिलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं?

मॅडमनी चिठ्ठी वाचली. त्यांनाही बहुतेक हे नकोच होतं. म्हणाल्या, "ठीक आहे काका. मी असं लिहिते, की नजरचुकीनं काढायचा राहिला. होतं असं पुष्कळ ठिकाणी."

"नजरचूक न्हाय," मामा म्हणाले. "तवा मला ठावं हुतं. सकाळी मातुर मालकांम्होरं बोलताना खरंच इसारलो हुतो. मगाशी जिना चढताना आटवलं."

"मग काढला का नाही?" हे मालकांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मामांनी कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या, पिवळ्या पडलेल्या मशीनवरचा टॉवेल नीट केला. "हे चार पयल्या खेपचं. थोरल्या मालकांनी ह्याला इभूत लावली तवा मला म्हनले, बिभीषण, चालत्या हत्याराचीच पूजा करायची आसती. आता रिकामं करून मांडायचं म्हनलं, तर हात उचलला न्हाय. झालं येवडंच. पन सकाळी मी म्हनलो येक बी जास्तीची न्हाय. ते खोटं निगालं. तुमच्याम्होरं बोललो हुतो, म्हून तुमच्याम्होरंच सांगतोय."

मालक खिडकीकडे गेले, परत आले. मॅडमना म्हणाले, "पुढं काय करायचं असतं?"

मॅडमनी सांगितलं. चार लायसन्सचे पैसे मागचे धरून भरायचे. चारही मशीनवरून प्रोग्राम आज, त्यांच्यासमोर काढायचा. आणि एक कबुलीचा कागद, त्यावर दोन सह्या, ज्यानं हे काम सांभाळलं त्याची आणि मालकांची.

"त्यांची घ्या. माझं मी नंतर बघतो," मालक म्हणाले आणि जिना उतरून गेले.

कागदावर मामांनी सांगितलं तसंच लिहिलं गेलं, 'माहीत असून काढला नाही.' मॅडमनी इंग्रजीत लिहिलं, मग मामांना मराठीत वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "बराबर," आणि सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. बिभीषण धुळा वाघमोडे.

मग एकेक मशीन चालू झालं. चापट्यांवाल्याला मामांनी चापट्या मारल्या, मॅडमनी त्याचा व्हिडिओ काढला. काढायच्या आधी पडदा दर वेळी विचारायचा, नक्की काढायचं का? मामा 'व्हय' म्हणायचे आणि कळ दाबायचे. पट्टी सरकत राहायची तोवर त्या मशीनची हकिगत सांगायचे. ह्याच्यावर पहिलं मोराचं डिझाइन निघालं, ह्याच्यात पावसाळ्यात पाल शिरली होती, ह्याच्या खोक्याचा पाळणा करून पॅकिंगच्या बाईनं पोर निजवलं होतं. ऐकता ऐकता मॅडम जमिनीवरच मांडी घालून बसल्या. माझा राग कधी गेला ते कळलं नाही. इतकं निवांत बोलताना मामांना मी नऊ वर्षांत बघितलं नव्हतं.

चौथ्याचा पडदा रिकामा झाला. मामांनी तार काढली, टॉवेल घातला.

खाली आल्यावर त्यांनी मॅडमना विचारलं, "रिपोट पाटवला का?"

"हो, आत्ताच."

"मग आता द्यायला हरकत न्हाय," असं म्हणून त्यांनी शेंगाचटणीचा पुडा पुढे केला. "सकाळीच आनलेला. पन आदी दिला आसता तर लाच झाली आसती की."

कबुलीचा कागद मालकांच्या टेबलावर ठेवून, सही झाली की पाठवून द्या म्हणून सांगून, मॅडम पुडा सॅकमध्ये घालून स्टेशनला गेल्या. साडेचार वाजून गेले होते. मामांनी हातपाय धुतले आणि आपल्या टेबलावर डबा उघडला. दुपारचं जेवण राहून गेलं होतं.

"मामा, वाईट वाटतंय का हो?" मी विचारलं.

"वाटतंय की." त्यांनी कडक भाकरी मोडली. "घरी सांगितल्यावर बायको म्हनंल, साडूला दोन वर्सं तोडलंस आन् सोता हे केलंस. म्हनू दे. खरंच हाय ते." थोडं खाल्लं, वर बघितलं. "पन पोटात हलकं वाटाय लागलंय बग. भूक बी लई लागलीया."

ते खायला लागले. वांग्याची भाजी होती, कांदा होता. मी चलनं जुळवत बसले.

दारात सावली पडली म्हणून मान वर केली तर मालक. एका हातात तो कबुलीचा कागद, दुसऱ्या हातात पेन. मालक सहसा खाली येत नाहीत, बोलावून घेतात. मामा घास तसाच ठेवून उठायला लागले, तर मालकांनी पेनाच्या हातानंच त्यांना बसा म्हटलं. मी खुर्ची सरकवली. ते बसले नाहीत. चौकटीला टेकून उभे राहिले.

मामांनी राहिलेली भाकरी भाजीत कुस्करली आणि सावकाश संपवली. डब्याला लागलेलं बोटानं पुसून घेतलं. मोरीवर जाऊन डबा विसळला, चूळ भरली. तोवर पाच-सात मिनिटं तरी गेली असतील. मालकांच्या खिशातला फोन दोनदा वाजला, त्यांनी काढून बघितला नाही.

मामा परत आले तसे मालक पुढे झाले. कागद टेबलावर ठेवला, मामांच्या सहीची बाजू वर करून.

"मी कुठं करू?" त्यांनी विचारलं.

मामांनी ओला हात शर्टाला पुसला आणि आपल्या नावाच्या खाली बोट ठेवून जागा दाखवली.