वरचा सा

रावजीबुवा शिवलकरांची गायकी जशीच्या तशी जपायची, हे ज्ञानेश्वरीताईंचं व्रत आहे. मिरजोळ्याला त्यांच्या क्लासात मी पेटी वाजवतो, त्यामुळे आठवड्यातून तीनदा ते मलाही घडतं. बुवा यमन गाताना वरचा सा लावत नसत, हे त्यांच्या एकुलत्या एका कॅसेटवरून ताईंनी सिद्ध केलं आणि त्यावर प्रबंधही लिहिला. एखाद्या मुलीचा आवाज चुकून वर गेला, की ताई कानाची पाळी धरून डोळे मिटतात.

यंदा गुरुपौर्णिमेला खुद्द बुवाच आले. वय शहाऐंशी. मुलींचा यमन ऐकून त्यांनी विचारलं, "ह्या पोरी साच्या अलीकडेच का थांबतात?"

ताईंनी नम्रपणे कॅसेटचा दाखला दिला.

बुवा हसले. "अगो, त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. तोंड उघडवत नव्हतं." आणि त्यांनी वरचा सा लावून दाखवला. इतका सच्चा सूर त्या खोलीत आजवर लागला नव्हता. माझे हात पेटीवरच थांबले.

ताईंनी कानाची पाळी धरली. मग बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मुलींकडे वळून म्हणाल्या, "वयामुळे होतं असं. हे कुणी उचलायचं नाही."

बुवा निघाले तेव्हा ताईंनी त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि प्रबंधाची एक प्रत दिली. वरच्या साच्या प्रकरणाचं पान त्यांनी आठवणीने दुमडून ठेवलं होतं.