मधली विरळ पट्टी

कौशल्यानं चटईवर पसरलेली लोकर मधोमध चिमटीत धरून उचलली, तर ती जाळीसारखी वर आली. खालची चटई दिसू लागली.

"पुन्हा तेच! मधी लोकर काहून पडत न्हाई तुझ्या हातून?"

समोर बसलेल्या सिंधूनं ढिगातून पिंजलेल्या लोकरीचा झुपका घेतला आणि बसल्या जागेवरूनच हात लांबवून टाकला. तो मध्यापर्यंत पोचलाच नाही.

लोकर न विणता, नुसती दाबून बुरणूस करायचा तर दोघींनी समोरासमोर बसायचं, आपापल्या बाजूनं लोकर पसरत मध्याकडे यायचं. एक थर उभा, त्यावर एक आडवा. मधे एकीची लोकर दुसरीच्या लोकरीत गुंतली पाहिजे. कौशल्या हे काम सासूबरोबर करत आली होती. मग सासू गेली. घरात मूल नाही म्हणून तातेरावांनी हिंगोलीकडच्या गोरेगावची सिंधू दुसरी करून आणली, आणि सासूच्या जागी चटईपलीकडे सवत येऊन बसली. गेल्या आठवड्यात दोघींनी केलेला बुरणूस धुतानाच मधोमध फाटला होता. यंदा लढाईमुळे, पलटणीच्या कांबळ्यांसाठी, हिंगोलीचे व्यापारी मेंढरं कातरायच्या जागीच लोकर उचलून नेत होते. घरात उरली ती एवढीच. हीपण वाया गेली तर थंडीत अंगाखाली घ्यायला काही नव्हतं.

कौशल्यानं सगळा थर विसकटला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"वाक की जरा. पाठीत काठी घातली का?"

"वाकते, बाई."

पण ती वाकली नाही. एक गुडघा उभा करून, तिरकी बसून ती लोकर टाकत राहिली. कुठे ढेकूळ, कुठे नुसता धुरासारखा विरळ थर. ही मुद्दाम करून राहिली, कौशल्याला वाटलं. तिनं दात आवळले, अंग ताणून पुढे होत मधली पट्टी स्वतःच कशीबशी भरली, ऊन पाणी शिंपडलं, चटईची गुंडाळी करून दोरी बांधली.

"आता दाब. कोपरं टेकव अन् पोटाचा भार टाक."

"न्हाई."

कौशल्यानं मान वर केली. या घरात आल्यापासून सिंधूच्या तोंडून तिनं हा शब्द ऐकला नव्हता. सिंधूचा हात गुंडाळीवरून उठून पोटावर गेला होता, आणि तिथंच राहिला होता.

चुलीवरचं पाणी खदखदत होतं.

"कवापास्नं?"

"नागपंचमीपास्नं."

"दर महिन्याला बाहेर बसत व्हतीस की!"

"खोटंच बसत व्हते. तुमच्या तोंडाकडं बगवत नव्हतं, बाई. आधी तुमालाच सांगावं म्हनत व्हते. जीभच उचलंना."

"अन् त्येन्ला?"

"न्हाई सांगितलं."

कौशल्याचा राग तसाच होता. तो ठेवायला मात्र जागा सापडेना. तिनं गुंडाळी स्वतःकडे ओढली आणि तिच्यावर अंग टाकलं.

"सरक. पानी घालत बस."

गुंडाळी पुढे गेली, मागे आली. चटईच्या काड्यांतून गढूळ पाणी गळू लागलं. कौशल्याची कोपरं सोलली, तरी ती थांबली नाही.

मेंढरं वाड्यात कोंडून तातेराव दारात आले.

"एकलीच काहून राबून राहिलीस, कौशल्ये? अन् ही काहून बसली?"

सिंधूनं घाबरून कौशल्याकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द कौशल्याच्या ओठांपर्यंत आलाही. ती उठली, लुगड्याला हात पुसले.

"तिला बोलायचं हाय तुमच्याशी. तिलाच इचारा."

दाराशी पाण्याचे हंडे काठोकाठ भरून ठेवलेले होते. त्यातला एक तिनं अंगणात ओतून दिला, रिकामा हंडा काखेला मारला आणि कयाधू नदीची वाट धरली.